कोणता आवाज त्याचा

सून : ...आणि तिसऱ्यांदा विचारलं तरी तेच, आई. काही नाही. नुसती छातीत धडधड.

सासू : कोणाला विचारलंस? डॉक्टरला?

सून : प्रभूला.

सासू : असं होय. ती सुई दे इकडे. जाड नको, बारकी. मग त्यानं काय सांगायला हवं होतं?

सून : हो किंवा नाही. एवढंच तर विचारते. उद्या सकाळी आपल्या खारूला कानाच्या ऑपरेशनला न्यायचं की नाही. दवाखान्यातल्या बाई म्हणाल्या, आज बंद व्हायच्या आत फोन करून नक्की सांगा, नाहीतर तुमची वेळ दुसऱ्या बाळाला देऊ. मग पुढची वेळ कधी मिळेल, सांगता येत नाही म्हणे.

सासू : आणि तू अजून विचारतेच आहेस.

सून : सकाळपासून. भांडी घासताना, तिची वेणी घालताना. शेवटी म्हटलं, प्रभू, तुला बोलायचं नसेल तर खूण तरी दे. खालच्या मजल्यावरचं कुत्रं आधी भुंकलं तर नाही, आणि लिफ्टचं दार आधी वाजलं तर हो.

सासू : मग?

सून : लिफ्टचं दार वाजलं आणि आतून ते कुत्रंच भुंकत बाहेर आलं.

सासू : कुत्रंच?

सून : हसू नका ना.

सासू : हसतेय कुठं? दोरा दातात धरलाय. पण त्यालाही तुझी गंमत करावीशी वाटली असेल गं. मी तुला रोज बघते, तो तर जन्मापासून बघतोय.

सून : तुम्हाला सगळं सोपं वाटतं. आणि तुमचे चिरंजीव म्हणतात, 'तू ठरव, मी तुझ्याबरोबर आहे.' बरोबर आहे म्हणजे काय? बरोबर तर सावलीपण असते.

सासू : त्याच्या बापाचंही हेच होतं. खुर्ची कुठं ठेवायची विचारलं तरी, 'तू म्हणशील तिथं.' ठेवली की त्याच खुर्चीला अडखळायचे. पण तो तरी काय करेल? मंगळवारच्या प्रार्थनेहून तू घरी आलीस आणि सांगितलंस की देवानंच नको म्हटलंय. देवाच्या वर कोण बोलणार?

सून : मी नाही म्हटलं. मंडळाच्या ताई म्हणाल्या. सगळ्या बायकांसमोर, माझ्या डोक्यावर हात ठेवून. 'या लेकराला शस्त्र लागणार नाही, असं प्रभू सांगतोय.' आई, अंगावर काटा आला माझ्या. आपल्या महिला मंडळात प्रार्थना झाली की सगळ्या थोडा वेळ गप्प बसतो ना, जिला देवाकडून काही मिळालं तिनं बोलायचं, तसं. आणि दर वेळी ताईंनाच मिळतं. त्या डोळे मिटतात, आणि लगेच.

सासू : लगेच?

सून : त्यांना सवय आहे ऐकायची. माझ्या वयाएवढी वर्षं त्या प्रार्थना करतायत. मी गप्प बसले की मला आठवतं, गॅस बंद केला का.

सासू : केलास का?

सून : केलाय. ...थांबा, बघून येते.

सासू : अगं, बस खाली! ...गेली.

सून : बंदच होता.

सासू : वाटलंच.

सून : म्हणून तर मला त्याचं ऐकू येत नाही. पाळकसाहेब उपदेशात म्हणाले होते, जिथं देवाची इच्छा असते तिथं मनाला शांती मिळते. मला ऑपरेशनचं नाव काढलं की शांती नाही. म्हणजे त्याची इच्छा नाही, असाच अर्थ होतो ना?

सासू : तुला कुकर घेतानाही शांती नव्हती. तीनदा बदलून आणलास. दुकानदार तुला बघून शटर ओढायला लागला.

सून : त्याची शिट्टी वेगळी वाजत होती.

सासू : लग्नाच्या दिवशी शांती होती?

सून : ...नाही.

सासू : आणि खारू पोटात होती तेव्हा?

सून : तेव्हा तर अजिबात नाही. आई, तुम्ही मला म्हणताय की माझ्यासारखीला त्याचं कधीच ऐकू येणार नाही.

सासू : मी कशाला तसं म्हणू? मी एवढंच म्हणते, तुझी शांती ही काही भरवशाची खूण नाही. ती कुणाच्याच घरी फारशी टिकत नाही, तुझ्याकडे तर पाहुणीसारखीही येत नाही.

सून : मग तुम्ही कसं ऐकता?

सासू : मला विचारू नकोस. मला त्यानं अख्ख्या जन्मात एक वाक्य सांगितलेलं आठवत नाही.

सून : खरंच?

सासू : खरंच. आधी मला वाईट वाटायचं. मंडळात साक्ष द्यायला उभ्या राहिल्या की बायका म्हणायच्या, प्रभू मला असं म्हणाला, प्रभू मला तसं म्हणाला. मला वाटायचं, हिच्याशी एवढा बोलतो आणि माझ्याशी अबोला का? आता नाही वाटत. सकाळी बसते त्याच्यापुढं. शिवण घेऊन बसते, तुला माहीतच आहे. कधी काही उमगतं, कधी नाही. नाही उमगलं की चुकते.

सून : आणि मग?

सासू : मग उसवते. माझं ऐकू नकोस तू. मी त्या पोरीला वर्षभर हट्टी म्हणत होते. हाक मारली की कानाडोळा करते, बापावर गेलीय, म्हणून. रागावलेसुद्धा. डॉक्टरनं सांगेपर्यंत माझ्या डोक्यात आलं नाही की कानाच्या पडद्यामागं पाणी साचलंय. आजी म्हणवते स्वतःला.

सून : ते मलाही नाही कळलं. आणि मी तर तिच्याकडे चोवीस तास बघत असते.

सासू : काय वाजतंय ते आत?

सून : खारू डब्यांची झाकणं आपटतेय. जोरात आपटली की तिला मजा वाटते. आई, डॉक्टर म्हणाले, बारीकशी नळी बसवायची पडद्यात, पाणी निघून जातं, मूल घरी येतं. त्यांच्यासाठी रोजचं आहे. पण भूल द्यायची म्हणजे तिचा हात माझ्या हातातून सोडवून घेणार ना? ते दार बंद होणार. त्यानंतरचं मला दिसतच नाही. आणि समजा काही झालं, तर? प्रभूनं आधी सांगितलं होतं आणि मी ऐकलं नाही, असं होईल. मी कुणाला तोंड दाखवू?

सासू : बेल वाजली बघ.

सून : ताई असतील. दुकानातून जेवणाच्या सुट्टीत येऊन जाते म्हणाल्या होत्या. आई, तुम्ही काही बोलू नका हं त्यांना.

सासू : मी कशाला बोलू? माझ्या तोंडात दोरा आहे.

ताई : सलाम, आजी! उठू नका, उठू नका. गुडघा कसा आहे?

सासू : सलाम. गुडघा माझ्याआधी उठतो, एवढंच. बस. चष्म्यांचं दुकान कोणावर टाकून आलीस?

ताई : आहे एक मुलगी. तिला अजून डोळे तपासता येत नाहीत, पण फ्रेमा पुसते छान. काय गं, असा काय चेहरा? रडलीस?

सून : नाही, ताई. कांदा.

ताई : कांदा! अगं, रडायचं नाही आता. शब्द आलाय ना? तो सांगतो आणि तो करतो. मग माणसाच्या हातात लेकरू कशाला द्यायचं? दवाखान्यात कळवलंस?

सून : अजून नाही. ताई, एक विचारू? रागावणार नाही ना?

ताई : तुझ्यावर कोण रागावेल?

सून : तो शब्द आला म्हणजे कसा आला?

ताई : कसा म्हणजे?

सून : म्हणजे आवाज होता का? की अक्षरं दिसली? की कुठल्या वचनाची आठवण झाली? मी परीक्षा घेत नाही तुमची, शपथ. मला शिकायचंय. मी सकाळपासून ऐकायचा प्रयत्न करतेय आणि मला फक्त मीच ऐकू येते. तुम्हाला जिथं ऐकू येतं ती जागा मला दाखवा.

ताई : ...ते असं सांगता येत नाही गं. ते आतून येतं.

सून : माझ्याही आतून येतं. पण आत इतकी गर्दी आहे की कोण बोलतंय तेच कळत नाही. तुम्हाला कसं कळतं की हा तो आहे, तुम्ही नाही?

ताई : कळतं. म्हणजे... एकदम येतं. आणि बरं वाटतं. आपण असं करू, आधी प्रार्थना करू. बोलत बसलं की माणूस डोक्यानं विचार करायला लागतो. आजी, ठेवा ते शिवण.

सासू : ठेवलं. रुमाल घे डोक्याला, खुर्चीवर आहे.

ताई : हे आमच्या स्वर्गीय पित्या, आम्ही तुझ्या चरणांपाशी आलो आहोत. तू दयाळू आहेस, तू आमच्या हाकेला... अगं. कोण आलं?

सून : खारू, नको. ताई प्रार्थना करतायत. इकडे ये.

ताई : असू दे, असू दे. चढू दे मांडीवर. गालात काय भरलंय तिच्या?

सासू : बिस्कीट. म्हणून तर खारू म्हणतो तिला. खारीसारखी साठवते.

ताई : हे पित्या, या लेकराच्या कानांवर तुझा हात ठेव. जे माणसाला अशक्य आहे ते... अगं बाई! गळा धरतेय माझा.

सून : खारू! सोड. ताई, माफ करा. ती माझाही धरते. रात्री झोपवताना मी प्रार्थना म्हणते ना, तेव्हा. लाडात येते.

सासू : माझाही धरते की. दुपारी पडदे ओढून झोपवते तेव्हा. मी म्हणते, आजीचा जीव घेतेस काय गं बये.

सून : पडदे ओढल्यावर?

सासू : हो. उजेडात कुठं धरते? उजेडात नुसती टकामका तोंडाकडे बघत बसते.

सून : पण आत्ता उजेड आहे, आई. भर दुपार आहे.

सासू : उजेड आहे, पण हिचं तोंड कुठं दिसतंय? मान खाली, वर रुमाल.

सून : ...ताई, थांबा. परत म्हणा. पण मान वर करून, तिच्याकडे बघून.

ताई : प्रार्थना? डोळे उघडे ठेवून?

सून : प्रार्थना नको. काहीही बोला. दुकानातलं बोला.

ताई : दुकानातलं काय बोलू? ही बघा मॅडम, ही पातळ काडीची फ्रेम आली आहे, वजनाला हलकी, कानामागं टोचणार नाही... काढला गं. हात काढला तिनं.

सून : आता रुमाल धरा. तोंडापुढं. आणि बोलत राहा.

ताई : निळ्या रंगात आहे, लाल आहे, लहान मुलांना लाल फार... धरला. परत धरला.

(मुलगी हात तसाच ठेवून एकेकीच्या चेहऱ्याकडे बघते.)

सून : ओठ दिसत नाहीत, म्हणून. हातानं ऐकतेय ती.

सासू : अगं आई गं. आणि मी म्हणत होते, गळा आवळतेस काय.

सून : रोज रात्री. दिवा घालवला की. मी तिच्यासाठी प्रार्थना म्हणत होते, आणि ती अंधारात माझी प्रार्थना चाचपडत होती. आणि मला वाटायचं लाड. कधी कधी मी तिचा हात बाजूला करायचे, आई. म्हणायचे, नीट झोप.

सासू : तुला काय माहीत?

सून : मी डॉक्टरांशीसुद्धा भांडले. म्हटलं, तिला काही त्रास नाही, ती हसते, खेळते, तीन वर्षांची तर आहे, बोलेल उशिरा. तिला काही कमी वाटत नसेल तर मी कशाला तिला झोपवून सुया टोचू देऊ? पण तिला कमी वाटतंय. ती मागतेय. रोज मागतेय, आणि मी डोळे मिटून प्रभूला विचारतेय, हो की नाही.

ताई : मला तिच्याकडे नीट बघू दे. ...काय गं? काय हवं? परत बोलू? बोलते हं. बोलते.

सून : ताई, तुम्ही का रडताय?

ताई : कांदा.

सासू : पाणी देऊ, बाई?

ताई : नको, आजी. मला एक सांगू दे, नाहीतर मग मी सांगणार नाही. त्या मंगळवारी मी काय ऐकलं, विचारलंस ना? मी तुझं रडणं ऐकलं. दुसरं काही नाही. तू इतकी रडत होतीस की मला ते बघवत नव्हतं. दुकानात गिऱ्हाईक चष्मा घालून आधी आरशात बघतं आणि मग माझ्याकडे बघतं. ते बघणं मला कळतं. मी म्हणते, 'फार शोभतोय.' विचार करून नाही म्हणत, तोंडातून आपोआप येतं. आणि खोटंही नसतं ते, त्या माणसाला बरं वाटावं असं मला मनापासून वाटत असतं. तसंच झालं त्या दिवशी. तू माझ्याकडे बघितलंस आणि वाक्य जिभेवर आलं. गोड होतं. गोड आहे म्हणजे त्याचंच, असं मी धरून चालले.

सासू : त्याचंही कधी कधी गोड असतं की.

ताई : असतं, आजी. पण मी थांबून बघितलंच नाही. मी कधीच थांबत नाही. सगळ्या गप्प बसल्या की मला वाटतं, आता कोणी बोललं नाही तर बायका रिकाम्या हातानं घरी जातील. मग मी बोलते.

सून : ताई, मग तुम्ही आधी सांगितलेलं सगळं...

ताई : ते मला माहीत नाही गं. काही त्याचं असेल, काही माझं. आता घरी जाऊन निवडत बसावं लागेल.

सासू : एकटीनं नको निवडू. तोही बसेल निवडायला.

सून : आणि मंडळात मी काय सांगू? सगळ्यांनी ऐकलंय. उद्या ऑपरेशनला गेले तर म्हणतील, हिचा विश्वास कमी पडला.

ताई : तू काही सांगायचं नाहीस. मंगळवारी मीच उभी राहून सांगेन. बोलले सगळ्यांपुढं, तर परतही सगळ्यांपुढंच घ्यायला हवं. अवघड जाईल. पण ते माझं मी बघते. तू तुझं सांग. तुला काय वाटतं आता?

सून : भीती वाटते. अजून तेवढीच. शांती काही आलेली नाही.

सासू : नाही येणार. सांगितलं ना, तिला तुझा पत्ता माहीत नाही.

सून : पण आई, एक फरक आहे. ही भीती आहे ना, ती सकाळपासून एकच बोलतेय. असं झालं तर, तसं झालं तर, लोक काय म्हणतील. तिच्या बोलण्यात मी आहे, लोक आहेत, बंद दार आहे. खारू कुठंच नाही. आणि हे दुसरं जे होतं, ते काही बोललंच नाही. 'हो' नाही म्हटलं, 'नाही' नाही म्हटलं. नुसती माझी हनुवटी धरली आणि तिच्याकडे वळवली.

ताई : ...हं.

सून : तो असाच असतो का, ताई?

ताई : मला नको विचारू. आज मी विद्यार्थिनी आहे.

सासू : फोन कर आधी. दवाखाना बंद होईल.

सून : करते. तुम्ही दोघी इथंच बसा हं. ...हॅलो? हो, उद्याच्या कानाच्या ऑपरेशनसाठी. हो, मी तिची आईच बोलतेय. येतोय आम्ही. ...नक्की. ...उठल्यापासून खायला काहीच नाही? पाणीसुद्धा नाही? बरं. तिच्या गालातलं तपासावं लागेल. ...नाही, काही नाही, ती बिस्कीट साठवते. ...हो. आणि मॅडम, अजून एक सांगायचं होतं. आत नेताना डॉक्टर तोंडाला मास्क लावतात ना? तिच्याशी बोलतील तेव्हा जरा खाली घेतील का? तिला ओठ दिसले नाहीत तर काय चाललंय ते कळत नाही. ती गळ्याला हात लावेल, तर तो कृपा करून काढू नका. ती ऐकत असते. ...हो. झोप लागेपर्यंतच. ...लिहून घेतलंत? ...फार आभारी आहे.

सासू : काय म्हणाली?

सून : म्हणाली, बरं झालं सांगितलंत.

ताई : आता आणखी कोणाला कळवायचंय?

सून : बाबांना, म्हणजे ह्यांना, मेसेज टाकते. उद्याची रजा घ्या म्हणून. 'तू ठरव' म्हणत होते ना, ठरवलं म्हणावं.

सासू : मी चहा टाकते. नको, तू बस. गुडघ्याला चालवलं पाहिजे.

ताई : मला दुकानात जायला हवं खरं म्हणजे. ती मुलगी एकटी असेल.

सून : थांबा ना थोडं. तुमची प्रार्थना अर्धीच राहिलीय.

ताई : अगं हो. राहिलीच.

सून : पूर्ण करा. खरंच करा, ताई. मला हवीय. तुम्ही म्हणता तेव्हा बरं वाटतं मला, आणि ते काही खोटं नाही.

ताई : नको. तू म्हण.

सून : मी सकाळपासून तेच करतेय. माझं सगळं म्हणून झालंय.

ताई : मग आज कोणीच नको म्हणायला. आपण नुसतं बसू या.

सून : आणि कोणाला काही मिळालं तर?

ताई : मिळालं तर मिळालं. लगेच सांगायचं नाही.

सासू : हा घ्या चहा. ...काय गं, तिघी अशा काय बसलात? चहा निवेल.

ताई : निवू दे, आजी. या, बसा.